साखरेचं दावं

आमची आजी रोहण्याची. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं हे गाव. दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही पुलगावला मोठ्या गाडीतून उतरायचो आणि आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत चढायचो. शकुंतला तिचं नाव. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, आणि चाल अशी की मध्येच उतरून धुऱ्यावरची बोरं वेचावीत आणि पळत येऊन पुन्हा चढावं, असं मामा सांगायचा. मी काही करून पाहिलं नाही. तुम्हालाही आता जमायचं नाही, कारण ती गाडीच बंद पडली.

आजीकडे पोचलो की पहिला मान संत्र्यांचा. आर्वी, आष्टी, कारंजा हा सगळा संत्र्यांचा पट्टा. दिवाळीत आंबिया बहाराची फळं नुकती कुठे रंग धरू लागलेली असतात, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. आजीने त्यातल्या चार-पाचांचा रस काढून दिला. मी अर्धा पेला प्यायलो आणि उरलेला फळीवर ठेवून दिला. संध्याकाळी पुरवून पुरवून पिऊ म्हटलं.

आजी ओरडली, "अबे, पिऊन टाक नं तो! ठेवशीन तं कडू होईन."

"काहून?"

"काहून म्हंजे? होते."

आणि झाला की हो! संध्याकाळी पहिला घोट घेतला आणि तोंड असं वाकडं झालं की बहीण अर्धा तास हसत होती. सकाळी गोड-आंबट होता तोच रस, तोच पेला. कोणी त्यात कारलं पिळलं नव्हतं. मग कडू आलं कुठून?

पुढे बऱ्याच वर्षांनी मला याचं उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराच्या मागे लागून आजीचं अख्खं घर, गोठा आणि शेत मी पुन्हा एकदा हिंडून आलो. चला, तुम्हालाही नेतो.

आधी रस. कडू करणाऱ्या त्या पदार्थाचं नाव लिमोनिन. पण संत्र्यात तो आयता भरून ठेवलेला नसतो. बियांमध्ये आणि फोडींच्या पातळ पडद्यांमध्ये त्याचं एक बिनचवीचं रूप गपगुमान बसलेलं असतं. आपण फळ पिळतो तेव्हा ते पडदे फाटतात, ते रूप आंबट रसात येऊन पडतं, आणि त्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. रसाच्या दहा लाख भागांत लिमोनिनचे सहा भाग झाले तरी आपल्या जिभेला ते कळतं. एवढंसं पुरे. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून विकणं का अवघड जातं, त्याचं हे एक मोठं कारण.

आता खरी गंमत. त्याच झाडाची संत्री पूर्ण पिकल्यावर तोडून त्यांचा रस काढलात, तर तो ठेवूनही इतका कडू होत नाही. गोडी वाढली म्हणून कडू झाकलं गेलं का? थोडं तसंही असेल. पण झाडाने त्याहून मोठी करामत केलेली असते. फळ पिकत जातं तसं झाड लिमोनिनच्या त्या रूपाला ग्लुकोज साखरेचा एक कण जोडून टाकतं. एक एक करून, लाखोंना. साखर जोडली गेली की त्याला कडू होताच येत नाही. मारक्या गोऱ्ह्याच्या गळ्यात दावं घालून त्याला खुंट्याला बांधून टाकावं, तसं.

अशी जोडी म्हणजे ग्लायकोसाइड. एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला साखर नसलेलं दुसरंच काहीतरी. नाव ग्रीक भाषेतल्या गोड या अर्थाच्या शब्दावरून आलंय, पण नावावर जाऊ नका. हे पदार्थ बहुतेक वेळा गोड नसतातच. मी आपलं त्याला साखरेचं दावं म्हणतो. झाडं हे दावं इतक्या ठिकाणी वापरतात की एकदा नजर बसली की जिकडे तिकडे तेच दिसायला लागतं.

दावं का बांधायचं? एक तर बांधलेलं जनावर शांत राहतं. दुसरं, साखरेला पाणी फार आवडतं. जो पदार्थ एरवी पाण्यात विरघळला नसता, तो साखरेचा हात धरून विरघळतो. मग झाड त्याला पेशीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवून देतं. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत अशी एक मोठी टाकी असते, तिला रिक्तिका म्हणतात. नावात 'रिक्त' असलं तरी ती रिकामी मुळीच नसते. पेशीचा गोठाच म्हणा ना!

आणि दावं कुठे बांधलं, यानेही फरक पडतो बरं का. पपनस खाल्लं असेल तर त्याचा कडवटपणा आठवा. तो नारिंजिन नावाच्या ग्लायकोसाइडचा. हे नाव आपल्या संस्कृतातल्या 'नारंग' या शब्दाच्या घराण्यातलं. हाच शब्द फारसी, अरबी, स्पॅनिश असा फिरत फिरत जाऊन शेवटी इंग्रजीतला 'ऑरेंज' झाला. संत्र्यात मात्र दुसरंच ग्लायकोसाइड भरपूर, हेस्पेरिडिन. लेब्रेटन नावाच्या फ्रेंच माणसाने ते १८२८ मध्ये अशाच फळांच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून वेगळं काढलं. सोलताना आपण ओढून ओढून फेकतो ना, तोच पांढरा भाग. हेस्पेरिडिनला चवच नाही. आता गंमत अशी की दोघांनाही साखरा त्याच, ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज. फक्त या दोन साखरा एकमेकींना कुठल्या कोपऱ्यात जोडल्या आहेत, तेवढाच त्या दाव्यातला फरक. एका गाठीने कडू, दुसऱ्या गाठीने बेचव.

१९६० च्या दशकात अमेरिकेत हॉरोविट्झ आणि जेंटिली हे दोघं शास्त्रज्ञ या कडू गाठीच्या मागे लागले होते. त्यांनी कडू नारिंगातल्या अशाच एका ग्लायकोसाइडचं दावं तसंच ठेवलं आणि दाव्याला बांधलेल्या बैलात, म्हणजे साखर नसलेल्या भागात, थोडा बदल केला. जे हाती आलं ते साखरेच्या हजार पटींहून गोड निघालं! कडूचं गोड. आजी असती तर म्हणाली असती, काहून म्हंजे? होते.

तर आता स्वयंपाकघरात चला.

दिवाळीत आजी आवळ्याचं लोणचं घालायची आणि त्यासाठी मोहरी फेसायची. पाट्यावर मोहरी घ्यायची, पाण्याचा हबका मारायचा आणि वरवंट्याने रगडत राहायचं. हळूहळू ती पांढरट-पिवळी फुगते, फेसाळते आणि मग तिची झणक सुटते. मी पाट्याशी नाक नेलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून थेट टाळूपर्यंत झिणझिण्या. आणि त्याच डब्यातली तीच मोहरी आजी वरणाला फोडणी देताना तेलात टाकायची. तडतड तडतड. खमंग वास. पण डोळ्यांत टिपूसही नाही!

कधी विचार केलाय, असं का?

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ असतो. त्यात झणक आहे, पण ग्लुकोजच्या दाव्याने जखडलेली. हे दावं कापणारा विळासुद्धा त्याच दाण्यात असतो, फक्त दुसऱ्या पेशींत. असल्या विळ्याला शास्त्रात विकर म्हणतात, तुमच्या पुस्तकात एन्झाइम म्हटलं असेल. दाणा अख्खा आहे तोवर बैल एका खोलीत, विळा दुसऱ्या खोलीत. पाट्यावर रगडलं की मधली भिंत पडते, पाण्यात दोघांची गाठ पडते, विळा दावं कापतो आणि झणक मोकाट सुटते. थेट आपल्या नाकात.

मग फोडणीत काय होतं? विकर हे प्रथिन असतं. कडकडीत उष्णतेने अंड्यातला पांढरा बलक जसा थिजतो, तसा हा विळाही बिघडतो. बैल आहे, दावं आहे, पण कापायला कोणी नाही.

हा प्रयोग तुम्ही घरी करायचाच आहे. दोन वाट्यांत एकेक चमचा कुटलेली मोहरी घ्या. एकीत गार पाणी घाला, दुसरीत मोठ्यांकडून उकळतं पाणी घालून घ्या. दहा मिनिटं थांबा. मग दोन्ही वाट्यांचा वास लांबूनच घ्या. लांबूनच म्हणतोय हं, माझ्यासारखं नाक बुडवू नका.

झाडाचा डाव कळला ना? पान, दाणा अख्खा असताना कोणाला त्रास नाही, झाडालाही नाही. जो चावेल त्याच्याच तोंडात स्फोट. पण याच्यावरही वरचढ ठरलेला एक महाभाग आहे, कोबीवरचा मावा. हा इवलासा किडा कोबीच्या रसातले हे जखडलेले पदार्थ पिऊन अंगात साठवतो आणि कापणारा विळा स्वतः तयार करून स्नायूंमध्ये वेगळा ठेवतो. एखादा ढालकिडा त्याला चावला की दोन्ही एकत्र! चालताबोलता मोहरीचा बॉम्ब. चोराने लुटलेल्या घरचंच कुलूप चोरून नेऊन स्वतःच्या दाराला लावावं, तसली ही तऱ्हा.

आता एक गंभीर गोष्ट. मामाबरोबर शेतात गेलो होतो. ज्वारी कापून झाली होती आणि धसकटांना नवे कोंब फुटले होते, लुसलुशीत, हिरवेगार. बरोबरचं वासरू तिकडे निघालं तसा मामा हातातलं सगळं टाकून धावला आणि त्याला शिंगाशी धरून मागे ओढलं. मला वाटलं, बिचाऱ्याला दोन घास खाऊ द्यायला काय हरकत होती? मामा म्हणाला, "थे कोंब खाल्ले नं, तं वासरू जागेवर पडते."

खरं होतं ते. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत धुरिन नावाचं ग्लायकोसाइड असतं. अरबीत ज्वारीला 'दुर्रा' म्हणतात, त्यावरून हे नाव. डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते इजिप्तकडच्या ज्वारीतून शोधून काढलं. त्यातही साखरेने जखडलेलं काहीतरी असतं, आणि ते सुटलं की त्यातून सायनाइडचा विषारी वायू निघतो. मोहरीची झणक नाकापुरती. हे मात्र प्राणावर बेततं. इथेही तीच व्यवस्था, धुरिन पानाच्या वरच्या कातडीतल्या पेशींत, विळा आतल्या पेशींत. गाईने चावलं की भिंत पडते. त्यात गाईच्या पोटात सूक्ष्मजीवांची फौज बसलेली, तीही दावं कापायला हातभार लावते. अंधारात रुजवलेल्या ज्वारीच्या कोंबाचा शेंडा वाळवून तोलला, तर त्या वजनाचा ३० टक्क्यांपर्यंत वाटा एकट्या धुरिनचा भरतो. इवलासा कोंब, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा दारूगोळा!

ज्वारी हे का करते, ते कोंबाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पळता येत नाही, शिंग नाही, काटा नाही, आणि सगळ्यांत चविष्ट तुम्हीच. रोप मोठं होत जातं तसं हे प्रमाण उतरत जातं, आणि पिकलेल्या दाण्यात धुरिन जवळजवळ नसतंच. तेव्हा भाकरीकडे संशयाने बघू नका. पाऊस ताणला आणि रोपं खुरटली की मात्र धोका वाढतो, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. मामाला धुरिन हे नाव माहीत नव्हतं. पण वासराला कुठे धरायचं, ते माहीत होतं.

आणखी एक जाता जाता. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो ना, त्या कंदातही याच जातीचं दावं असतं. कंद किसून, पाण्यात धुऊन धुऊन फक्त पिठूळ भाग काढतात, त्यात ते निघून जातं. म्हणून एकादशीची खिचडी निर्धास्त खा.

अभ्यंगस्नानाची सकाळ आठवली की मला थंडी आठवते आणि रिठा. आदल्या रात्री आजी रिठे फोडून, काळ्याभोर बिया काढून, टरफलं भिजत घालायची. त्या बिया आम्ही गोट्यांसारख्या खेळायचो. पहाटे ते पाणी घुसळलं की पातेलंभर फेस! साबणाचा कारखाना नाही, कंपनी नाही, झाडाच्या फळातून फेस.

इथे साखर दावं म्हणून येत नाही, हात म्हणून येते. रिठ्यातल्या ग्लायकोसाइडला सॅपोनिन म्हणतात. त्याच्या एका टोकाला साखरेची माळ असते, ती पाण्याला धरते. दुसरं टोक तेलकट, ते तेलाला धरतं. केसातलं तेल आणि बादलीतलं पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मध्ये हा सॅपोनिन उभा, एक हात इकडे, एक हात तिकडे, आणि दोघांना ओढत मोरीकडे घेऊन चाललाय. बाजारातला साबणही हेच करतो, फक्त त्याला साखरेचा हात नसतो. सोनारही चांदीचे दागिने उजळायला रिठा वापरतात.

वर्धा जिल्ह्यातच याच कामाचं आणखी एक झाड आहे, हिंगण. काटेरी, कोरड्या जमिनीत आपोआप येणारं. त्याच्या फळाला हिंगणबेट म्हणतात आणि पूर्वी त्याने कपडे धूत. आपल्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटाचं नाव या झाडावरूनच पडलं असं सांगतात.

रिठा नसेल तर स्वयंपाकघरात वरण शिजताना बघा. तुरीची डाळ उकळली की वर पांढरा फेस येतो आणि आई तो चमच्याने काढून टाकते. त्या फेसात प्रथिनांबरोबर सॅपोनिनचाही हात असतो. सोयाबीन उकळताना तर फेस भांड्याबाहेर पडतो, गॅस विझवतो आणि बोलणी आपल्याला बसतात.

पुढचं झाड लांबूनच दाखवतो. रुई. शनिवारी मारुतीच्या गळ्यात हिच्या पानांची माळ असते. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून हात लावायचा नाही, चव तर मुळीच घ्यायची नाही. अंगणातली कण्हेर आणि पिवळी फुलं येणारी बिट्टी, यांनाही हाच नियम. या सगळ्या झाडांत अशी ग्लायकोसाइडं असतात की ती थेट हृदयाच्या ठोक्यात हात घालतात.

पण रुईच्या झुडपाशी थोडा वेळ उभं राहिलात तर पानावर एक अळी दिसेल, काळे, पांढरे, पिवळे पट्टे ल्यालेली, लपण्याची फिकीरच नसल्यासारखी. ती रुईचं पान कराकरा खाते, त्या कडूपणाचा काही वाटा अंगात साठवते आणि पुढे तिचं नारिंगी पंखांचं, काळ्या कडांचं फुलपाखरू होतं. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. एखाद्या पाखराने ते एकदा खाल्लं की पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. याचा फायदा घेणारं आणखी एक फुलपाखरू आहे. त्याची मादी दिसायला हुबेहूब अशीच, पण कडू नसते. फुकटचा रुबाब!

हृदयाच्या ठोक्यात घातलेला हा हात नेहमी वाईटच असतो असं नाही. इंग्लंडमध्ये १७७५ च्या सुमाराला विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला कोणीतरी एक घरगुती नुस्खा दाखवला. गावाकडच्या एका आजीबाईने जपलेला, अंगावर सूज येते त्यावरचा. त्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंगने ओळखलं की काम करणारी त्यातली एकच, फॉक्सग्लोव्ह, घंटेसारख्या फुलांची. दहा वर्षं तो रोग्यांवर तिचा वापर करून, टिपणं ठेवत राहिला आणि १७८५ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. सूज ही हृदय थकल्यामुळे येत होती. याच घराण्यातल्या एका वनस्पतीतून १९३० मध्ये डिगॉक्सिन वेगळं निघालं. तीन साखरांच्या माळेचं हे ग्लायकोसाइड. हृदयाचे डॉक्टर ते आजही देतात, पण मोजून, अगदी कणाकणाने. औषध आणि विष यांत इथे फक्त मापाचा फरक आहे, म्हणून तर म्हटलं, हात लावायचा नाही.

वर्ध्याला कधी गेलात तर मगन संग्रहालय बघा. गांधीजी वर्ध्याच्या परिसरात राहत असताना, १९३८ मध्ये ते सुरू झालं. तिथे वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादी बघायला मिळते. रंगांचा विषय निघाला की मला नीळ आठवते. निळीच्या झाडाचं पान तोडून बघा, साधं हिरवं. निळेपणाचा पत्ता नाही. कारण त्यातला पदार्थ, इंडिकन, ग्लुकोजच्या दाव्याने बांधलेला असतो आणि बांधलेला असतो तोवर त्याला रंगच नसतो. पानं हौदात भिजत घातली की विळा दावं कापतो. सुटलेले कण पाण्यात हिंडतात, मग माणसं हौदात उतरून ते पाणी बडवतात, म्हणजे हवा मिसळते, आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की दोन-दोन कण एकमेकांना बिलगून निळे होतात. हिरवट पाणी बघता बघता निळंशार. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच पिकापायी. शेतकऱ्यांवर नीळ पेरायची सक्ती होती. तोवर जर्मनीच्या कारखान्यात केलेली नीळ बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती, तरीही.

इतक्या वेळात एकही ग्लायकोसाइड गोड निघालं नाही म्हणून हिरमुसला असाल. घ्या, दोन गोड. आजीचा घसा बसला की ती ज्येष्ठमधाची काडी चघळायची. त्यातलं ग्लायकोसाइड उसाच्या साखरेपेक्षा कितीतरी पटींनी गोड, आणि गोडी जिभेवर रेंगाळणारी. दुसरं गुंजेचं पान, काही पानवाले विड्यात घालतात ते. तेही ग्लायकोसाइडांमुळेच गोड. पण त्याच वेलाची लाल-काळी गुंज, आठ गुंजांचा एक मासा असं सोनार जिने सोनं तोलायचे ती, आत जबर विष बाळगून असते. ते विष वेगळ्या जातीचं, त्यात साखरेच्या दाव्याचा खेळ नाही. एकाच वेलावर वर गोड पान आणि शेंगेत जहर. म्हणून पान खायचं ते मोठ्यांनी ओळखून दिलेलं, आणि गुंज तोंडात नाहीच.

आता शेवटी पुन्हा मामाच्या शेतात, पऱ्हाटीत. दिवाळीत खालची बोंडं फुटून कापूस लोंबत असतो आणि वर शेंड्याकडे उशिराची फुलं अजून येतच असतात. मी एकदा मामाला विचारलं होतं, "एकाच झाडाला दोन रंगांची फुलं कशी? काही पिवळसर, काही गुलाबी."

मामा हसला. खिशातून पांढरा दोरा काढला आणि नुकत्याच उमललेल्या, सायीसारख्या पिवळसर फुलाच्या देठाला हलकीशी गाठ मारली. म्हणाला, "उद्या ये."

फूल उमलतं तो एकच दिवस ते सायीच्या रंगाचं असतं. त्या रात्रीत पाकळी एक नवा लाल रंग तयार करायला घेते. हा रंगही साखरेला बांधलेला असतो. जास्वंदीचा लाल, जांभळाचा जांभळा, सगळे याच घराण्यातले. साखर नसेल तर हे रंग पाकळीच्या रसात नीट विरघळत नाहीत आणि टिकत नाहीत, विटून जातात. इथे दावं बैलाला अडवायला नाही, तो पळून जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी चहासुद्धा न पिता शेतात गेलो. दव पडलेलं होतं, चड्डी गुडघ्यापर्यंत भिजली. दोरा शोधायला वेळ लागला, कारण मी पिवळं फूल शोधत होतो. मग दिसला. पांढरा दोरा, मामाची गाठ, आणि त्यात मिटत आलेलं गुलाबी फूल.